रॉकेलच्या डब्याची पाळी

गल्लीत संडास असलेलं घर एकच, उकंडरावांचं, आणि तेही सुनेच्या हट्टापायी. पुष्पाबाई नांदुऱ्याची, शहरात वाढलेली. लोटा घेऊन वावरात जायचं म्हटलं की तिचा जीव अर्धा होई.

काळ्या जमिनीत पाणी मुरेना, म्हणून संडासाच्या टाकीतून येणाऱ्या पाण्यासाठी परसात कंबरभर वाळूचा ढीग घातला होता, पोटात भोकं पाडलेली नळी. पण पाणी यायचं थेंब थेंब. सगळं पहिल्याच भोकातून गळायचं, तो कोपरा घाण मारायचा आणि बाकीची वाळू कोरडी ठणठणीत! शेजारचा कडूबा नाक दाबून हसायचा.

"नातवाचं बारसं झालं का दुसऱ्याच दिवशी फोडतो हे संडास," उकंडरावांनी जाहीर केलं. स्वतः ते एकदाही आत गेले नव्हते.

पुष्पाबाईला रडू फुटलं. मग विहिरीवरची मोट बघताना तिला सुचलं. मोट एकदम ओततात, तेव्हा पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत धावतं. दुसरी येईपर्यंत जमीन दम खाते. तिने नवऱ्याकडून रॉकेलच्या डब्यात दांडा असा बसवून घेतला की भरला की पालथा, रिकामा झाला की सरळ. टाकीचं पाणी आधी त्यात साठावं म्हणून तो नळीच्या तोंडाशी टांगला.

बारशाला पाहुणी आलेली तानाबाई आत गेली. तिने घागर ओतली आणि बाहेर डबा पालथा, धडाम!

"माय वं! काय पडलं?" तानाबाई पळत बाहेर. अंगणभर हसू उसळलं. मग काय, ज्याला त्याला धडाम ऐकायचं! भली भली माणसं तांब्या तांब्या पाणी पिऊन रांगेत उभी. ढिगाचा पायथा ओला दिसू लागला, तशी पुष्पाबाई घाबरली.

"मामाजी, वाळूले दम खाऊ द्या लागते!"

उकंडराव म्हणजे जन्मभर विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावलेला माणूस. काठी घेऊन दारातच बसला.

"एका धडामनंतर अर्धा घंटा कोणी आत जाणार नाही! कडूबा, घाई असंन तं वावर मोकळं हाय बे, पय!"

संध्याकाळी पाहुणे पांगले. पायथा सुकला होता, वास कुठेच नव्हता.

"मामाजी, उद्या फोडता का मंग?" पुष्पाबाईने विचारलं.

उकंडरावांनी लोटा उचलला, वावराची वाट धरली. चार पावलांवर थांबले, वळले.

"माही पाळी राह्यली न!"

संडासाचं दार लागलं. पुष्पाबाई पदर तोंडात कोंबून उभी राहिली. मग परसात धडाम झालं, आणि आतून मामाजींचं खदाखदा हसू ऐकू आलं.