पितळी नळी

सहा आठवडे धाकटी त्या इंजिनाच्या मागे हात धुऊन लागली होती आणि इंजिन काही दाद देत नव्हतं. बोट घरचीच, वीस वर्षांची. बंदराच्या कचेरीला मोठ्या जहाजांवर त्यांना बंदरात आणणारे वाटाडे पोचवायला वेगवान बोट हवी होती. अट एकच, धक्क्यापासून निघून पाण्यात तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालून चौदा मिनिटांत परत यायचं. काम मिळालं तर बोट राहणार, नाही मिळालं तर दादा ती विकणार आणि बोटीबरोबर धाकटीची दुरुस्तीची शेडही जाणार, हे घरात सरळ ठरलेलं होतं. बोटीला लागायची एकोणीस मिनिटं.

नवं इंजिन परवडण्यातलं नव्हतं, तेव्हा हाताने होईल ते सगळं तिने केलं. सिलिंडरमधला कार्बन खरवडला. कार्बोरेटर पाच वेळा उघडून धुतला. भंगारातून बोटीखालचा जुना पंखा आणला आणि त्याची वाकलेली पाती ठोकून सरळ केली. मागची लोखंडी बाकं उपटून टाकली. एकोणिसाची सोळा मिनिटं झाली आणि तिथंच गाडं अडलं. पुस्तकात पूर्ण वेगाला मिनिटाला साडेपाच हजार फेरे लिहिलेले, आणि काटा चार हजारांवर जाऊन हटून बसायचा.

बोट दादा चालवायचा, आणि खापर अर्थातच धाकटीवर फुटायचं. बाकीचे बोटवाले त्याला वर्षानुवर्षं गोगलगाय म्हणत आले होते. तो राग त्यांच्यावर काढायची छाती नव्हती, बहीण मात्र हाताशी होती. बाबा शेडच्या दारात उलट्या डब्यावर बसलेले असायचे. हे इंजिन आधी त्यांनीच सांभाळलं, धाकटीला काम त्यांनीच शिकवलं. आता हात थरथरत म्हणून ते नुसता पाना पुढे करायचे, तोही ती मागायच्या आधी, आणि दोन दिवसाआड म्हणायचे की म्हातारं झालंय ते, नाद सोड.

चाचणीला चार दिवस उरले असताना कार्बोरेटरचं गॅस्केट फाटलं. भंगारवाल्याकडे त्याच बनावटीचं बंद इंजिन पडलेलं होतं, त्यातून काढून आणू म्हणून ती गेली. कार्बोरेटर उघडला आणि तिचं डोकं सटकलं. इंजिनाला हवा सोडणारी झडप ओढणाऱ्या सळईवर बोटाच्या पेराएवढी पितळी नळी असते, ती गायब होती. पितळ दिसलं की तुमचे हात शिवशिवतात, एक इंजिन धड ठेवत नाही तुम्ही, असं तिने भंगारवाल्याला फैलावर घेतलं. तो बिचारा निवांत चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला आणि मागून तसलीच आणखी दोन इंजिनं उघडून दाखवली. नळी एकातही नव्हती.

"बाई, तिथं नळी घातली तर झडप पुरती उघडेल कशी?" तो म्हणाला. "सळई मध्येच अडेल की."

धाकटी तिथंच एका टायरवर बसली. बाकीची इंजिनं तिने ढिगाने उघडली होती, पण या बनावटीचं फक्त हे एकच, घरचं. बाराव्या वर्षी तिने वहीत त्याचं चित्र काढलं होतं, नळीसकट. पाच वेळा तिने ती नळी काढली होती, रॉकेलने पुसून चकचकीत केली होती आणि इमानेइतबारे परत बसवली होती. स्वतःच्याच हाताने इंजिनाचा गळा दाबला होता तिने, पाच वेळा.

शेडमध्ये येऊन तिने नळी काढली आणि बाबांच्या समोर धरली. त्यांनी ती हातात घेतली नाही. नजर जमिनीवरून हलेना, तेव्हाच तिला उत्तर मिळालं, पण तिला ते त्यांच्या तोंडून हवं होतं.

"कधी घातलीत?"

सतरा वर्षं झाली, बाबा म्हणाले. दादा सतराचा असताना बोट पूर्ण वेगात घेऊन गेला आणि बांधाच्या दगडांवर आदळला, ते तुला आठवत नसेल. तो तीन दिवस बेशुद्ध होता. तुझी आई तीन दिवस दवाखान्याच्या बाकावरून उठली नाही. परत तसं होऊ देणार नाही, असा शब्द मी तिला दिला होता.

"त्याला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर त्याने काढली असती."

"आणि मला?"

बाबा खाली पडलेले पाने गोळा करू लागले.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते धाकटीला त्या क्षणी कळलं. पोराची काळजी वाटली, एक वेळ समजू शकते. पण सहा आठवडे हा माणूस समोर बसून तिला पाने देत होता. तिची नखं फुटताना, दादाची बोलणी खाताना त्याने पाहिलं होतं, आणि मूग गिळून बसला होता.

"तुम्ही मला खोटं इंजिन शिकवलंत, बाबा," ती म्हणाली. "दादावर पहारा ठेवायला मला बसवलंत, आणि मला पत्ताही लागू दिला नाहीत."

दादाला सांगू नकोस, एवढंच बाबा पुटपुटले. तिने त्याच संध्याकाळी सांगितलं, बाबांच्या समोर. दादा ओरडला नाही. गोगलगाय, एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघं बोट घेऊन निघाले. दादाने वेगाचा दांडा पूर्ण पुढे ढकलला. काटा चार हजार ओलांडून पाच हजारांवर गेला, बोटीचं नाक उचललं आणि पहिल्याच लाटेवर ती दाणकन आपटली. दादाने घाबरून दांडा मागे ओढला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. सतरा वर्षं ज्याला वेग दिलाच नाही, त्याच्या हातांना वेग कुठून माहीत असणार? धाकटी रोज पहाटे दुरुस्तीनंतर एकटीच बोट बाहेर काढायची, त्या पहाटे तर नळीशिवायही काढली होती. कुठली लाट तिरकी घ्यायची, कुठे दांडा सैल सोडायचा, हे ती चुकत चुकत शिकली होती. चाक तिच्या हाती देताना दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. तिनेही त्याला काही ऐकवलं नाही.

चाचणीला बाबा धक्क्यावर आले नाहीत. कारकुनाने घड्याळ दाबलं, लाल बोयाला वळसा पडला, बोट परत आली. तेरा मिनिटं वीस सेकंद. काम मिळालं, बोट राहिली.

ती घरी आली तेव्हा बाबा दारात उभे होते. किती मिनिटं लागली, हे त्यांनी विचारलं नाही.

"दादा ठीक आहे ना?"

"त्याने चालवली नाही. मी चालवली."

बाबांनी दाराची चौकट धरली. इतकी वर्षं ज्या भीतीपायी पहारा केला, तिच्या हिशेबात ही पोरगी कधी नव्हतीच.

"तू?" ते म्हणाले. "तुला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही," ती म्हणाली. "तुम्ही शिकवलं नाहीत, म्हणून नीट येतं."