सात किरणांच्या सूर्यांची माळ

हात लावू नका. आधी ऐका. मित्रांनो, मी एक जुनी माळ आहे. फुलांची नाही, मण्यांची नाही. छातीतल्या जळजळीवरच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं लोकरीच्या दोऱ्यात ओवून मला केलं आहे. माझ्या कडा अजून कापतात. सात वर्षं उन्हातान्हात लटकले, पाकिटांचा रंग उडाला. पण माझा राग काही उडाला नाही.

आटपाडीच्या पुढं, माळावरच्या एका वस्तीत सुलाबाई आणि तिचा नवरा ज्योतिबा राहतात. निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. आता मेंढरं थोडीच उरली आणि चार एकरांत शाळूची ज्वारी असते. मेंढरांमागं फिरणाऱ्या बाईच्या जेवणाला वेळ कुठली? सांजेला मिळाली तर भाकरी, तिच्यावर मिरचीचा खर्डा, वर कडक चहा. त्यातून सुलाबाईच्या उरात जळायला लागलं. बाजारच्या गावातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, पंधरा दिवसांच्या गोळ्यांची. ती चिठ्ठी मानसिंगच्या औषधाच्या दुकानात गेली आणि तिथंच राहिली.

सुलाबाईला वाचता येत नाही. अशा गिऱ्हाइकांसाठी मानसिंगची एक रीत होती. पाकिटाच्या चंदेरी पाठीवर तो निळ्या पेनानं खूण काढायचा. रात्रीच्या गोळीला चंद्र, सकाळच्या गोळीला सूर्य. त्याचा सूर्य मोठा देखणा. सात किरणं, दोन डोळे आणि खाली पीळ दिलेली मिशी.

"मावशी, सूर्य उगवला की एक. ध्यानात राहील न्हवं?" एवढंच तो बोलला.

किती दिवस, ते त्यानं सांगितलं नाही. सूर्य तर रोज उगवतो. म्हणून सुलाबाईनं रोज गोळी गिळली. सात वर्षं.

पाकीट संपलं की ते घेऊन दुकानात जायचं, रिकामं दाखवायचं आणि भरलेलं आणायचं. चिठ्ठी कुणी मागितली नाही, पावती कुणी दिली नाही. पण सूर्य काढलेली वस्तू उकिरड्यावर टाकायला सुलाबाईचं मन होईना. ज्योतिबानं चातीवर लोकरीचा दोरा कातला, तिनं दाभणानं पाकिटांना भोकं पाडली आणि माझा जन्म झाला.

शाळूचं कणीस दुधात आलं की पाखरांचे थवे उतरतात. मला बांधाच्या खुंट्यांवर ताणून बांधायचे. वारा सुटला की मी चमकायचे, खडखडायचे, आणि पाखरं आल्या वाटेनं परत जायची. शेजारची रंगुबाई म्हणायची, "सुले, तुझी माळ गोफणीला मागं सारती बघ!" मग सुलाबाई हसायची आणि बांधावर बसून गळा सोडायची:

शाळूच्या कणसाला, पाखराची गं नजर
माझ्या माळेची धार, राखणीला हजर

मी फुगून गेले होते, मित्रांनो. दरवर्षी माझ्यात नवी पाकिटं यायची आणि मी लांब व्हायचे. आज त्या आनंदाची मला शिसारी येते. एकेक पाकीट म्हणजे तिच्या दहा सकाळी होत्या. मी वाढत होते आणि ती आतून झिजत होती.

सुगी सरली की खोपटातल्या खुंटीवर माझी रवानगी. तिथं माझ्याकडं कुणी ढुंकूनही पाहायचं नाही. तिथूनच मी पाहिलं, की सुलाबाईचे पाय सुजले. अन्नावरची वासना गेली. ज्योतिबानं तिला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. परत आल्यावर तो रंगुबाईला सांगत होता, ते मी ऐकलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "ही गोळी किती दिवस घेताय?"

"सात वर्सं."

"एवढे दिवस घ्या म्हणून कुणी सांगितलं?"

सुलाबाई म्हणाली होती, "सूर्यानं."

दोन्ही मूत्रपिंडांचं निम्म्याहून जास्त काम थांबलं होतं. ही गोळी तपासण्या न करता वर्षानुवर्षं घेतली, तर काही जणांना असं होतं. इथं बाकीची कारणं तपासून झाली, सगळा संशय गोळीवरच येतो, असं डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं आणि गोळी त्याच दिवशी बंद केली.

ज्योतिबा मानसिंगला विचारायला गेला, तर भर बाजारात मानसिंग ओरडला, "माझ्या दुकानातनं एक गोळी नेली असंल तर दाखव! म्हातारी मिसरी लावती, कुठली कुठली झाडपाल्याची औषधं खाती, आन् नाव माझं?" लोक हसले. सुलाबाई त्या दिवसापासून बाजाराला गेली नाही. सात वर्षं इमानानं औषध घेतलेली बाई गावात खोटी ठरली होती.

मग दोघं सांगलीला गेली. विधी सेवेच्या कचेरीतून बायकांना वकील फुकट मिळतो. त्यांना माया वकीलबाई मिळाल्या. पुढं त्या वस्तीवर आल्या, तेव्हा शेतात माझ्यासमोरच बोलणं झालं.

"दुकानदारावर ग्राहक आयोगात तक्रार करता येते. धोक्याची सूचना नीट दिली नसेल, तर कंपनीवरही. चिठ्ठीशिवाय औषध विकलं म्हणून औषध निरीक्षकाकडं वेगळा अर्ज. पण आयोगातली तक्रार नुकसान कळल्यापासून दोन वर्षांच्या आत करायला हवी. पावत्या आहेत का?"

"पावती कुठली, बाई. रिकामं पाकीट दावायचं, भरलेलं घ्यायचं."

"मग ती रिकामी पाकिटं?"

ज्योतिबानं टोपी मागं सरकवली. "ती व्हय? ती काय, पाखरं राखत्यात की."

वकीलबाई माझ्याकडं धावल्या. माझं एकेक पाकीट उलटं करून त्या बघत राहिल्या. काठावर दाबून उमटवलेला गोळ्यांचा बॅच नंबर शाबूत होता. जुने सूर्य पुसट, नवे अजून निळे. "ही माळ मला पाहिजे," त्या म्हणाल्या.

"शाळू दुधात आलाय," ज्योतिबा पुटपुटला. "चार दिसांनी न्या."

माळेची गोष्ट बाजारापर्यंत पोचली, आणि त्या चार दिवसांत मानसिंग आला. हातात लाल-चंदेरी फितीची नवी कोरी गुंडाळी. गोड हसून म्हणाला, "मावशी, ही घ्या. लय चमकती. ती जुनी घाण द्या हिकडं, टाकून देतो."

"घाण हाय तर तुला कशाला रं?"

"मावशी, उगं वाढवू नका. उद्या डोकं दुखलं तर माझ्याच दारात याल."

"डोकं फुटलं तरी येणार न्हाई. हो बाजूला!"

त्यानं मला हिसडा दिला. मित्रांनो, मी पाखरांना नुसती भिववत आले. जन्मात कुणाला इजा केली नव्हती. त्या दिवशी मी त्याचा अंगठा चिरला. मला त्याचं वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

तो गेल्यावर सुलाबाईनं त्याच दिवशी मला सोडवलं. ज्योतिबा म्हणाला, "आगं, पाखरं!"

"खाऊ द्यात, आवं. पाखरांनी तरी मला खोटी न्हाई म्हटलं."

आयोगासमोर मला मोठ्या टेबलावर पसरलं. शाई कशी, रेघ कशी, हे विचारलं गेलं. मानसिंगनं आधीच लिहून दिलं होतं, की या चित्रांशी आपला संबंध नाही. त्याच्या वकिलांनी मला दोन बोटांत धरलं. "हा कचरा आहे, मॅडम. आणि ही चित्रं? एखाद्या शेंबड्या पोरानं पाच-सहा रेघोट्या मारल्यात, झालं."

मानसिंग ताडकन उठला. "पाच-सहा न्हाईत! सात! मी कायम सातच काढतो!"

त्याच्या वकिलांनी मला हळूच खाली ठेवलं. अध्यक्षबाईंनी लिहायला सुरुवात केली. सुलाबाईनं पदर नीट केला आणि सात वर्षांत पहिल्यांदा मानसिंगच्या डोळ्यांत रोखून पाहिलं.

निकाल अजून लागायचा आहे. मी आयोगाच्या मोहोरबंद लिफाफ्यात, अंधारात पडून आहे. त्या साली पाखरांनी निम्मा शाळू नेला. पण सुलाबाई पुन्हा बाजाराला जाऊ लागली आहे, आणि आता तिला कुणी हसत नाही, असं वकीलबाईंच्या बोलण्यात आलं.

मित्रांनो, औषधाचं रिकामं पाकीट जपून ठेवा, पावती मागून घ्या. आणि तुमच्या घरातल्या वाचता न येणाऱ्या माणसाला कुणी असा मिशीवाला सूर्य काढून दिला, तर दुकानाची पायरी उतरण्याआधी एवढं विचारा: हा मावळायचा कधी?