सहीसाठी थांबलेलं नाव

छापखान्याच्या धंद्यात माणूस एकदा चुकला की त्याची चूक पाच हजार प्रतींत गावभर फिरते. सहीवाल्यांची फिरली होती. फार वर्षांपूर्वी एका दवाखान्याच्या पत्रकावर त्यांनी सकाळची वेळ संध्याकाळची छापली, आणि तेव्हापासून गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय ते साधं पाकीटही छापत नसत. आधी तपासप्रत, मग सही, मग छपाई. म्हणूनच लोक त्यांना सहीवाले म्हणू लागले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हे तर पाणीसुद्धा फुंकून पीत होते.

पुढे लेटरहेडची कामं आटली. गिऱ्हाइकं आता कार्डावर वेबसाइटचा पत्ता छापा म्हणायची, आणि तो पत्ता, म्हणजे डोमेन नाव, कुठे मिळतं हेही यांनाच विचारायची. दारात आलेलं काम दुसऱ्याच्या दारी कशाला पाठवायचं, असा विचार करून सहीवाले एका मोठ्या कंपनीचे रिसेलर झाले. नावं कंपनी नोंदवणार आणि हे आपल्या दुकानाच्या पाटीखाली ती विकणार. सगळी यंत्रणा त्यांनी स्वतः उभी केली. कंपनीने दिलेली हातभर लांबीची किल्ली, म्हणजे सांकेतिक अक्षरांची माळ, आपल्या पानात बसवली, नाव मोकळं आहे की गेलं हे सांगणारा चौकोन केला, मुदत संपत आली की आठवण देणाऱ्या मेल लिहिल्या. तीन आठवडे मान वर केली नाही.

बाइंडिंगच्या मशीनवरून बायको म्हणायची, "अहो, आजवर निदान कागद तरी विकत होता. आता नुसती हवा विकायला निघालात."

"हवेलाही नाव लागतं," सहीवाले म्हणायचे, आणि स्वतःच हसायचे.

यंत्रणा लावताना एका ठिकाणी कंपनीने विचारलं होतं: ऑर्डर येताच नाव नोंदवायचं, की गिऱ्हाइकाच्या मंजुरीनंतर? दुसरा कोणी पहिल्यावर खूण करून मोकळा झाला असता. सहीवाल्यांनी मंजुरीवर खूण केली. गिऱ्हाइकाला मेल जाणार, त्याने सगळं नीट वाचून 'मंजूर' दाबायचं, मगच नाव पुढे कंपनीकडे. तपासप्रतच म्हणा ना. एवढ्या खटाटोपात हीच एक गोष्ट आपण डोकं वापरून केली, असं त्यांना वाटलं. पण तपासप्रत महिनाभर टेबलावर पडली तरी तिला कोणी पळवत नाही. नोंदवलेलं नसतं तोवर नाव मात्र कुणाच्याच बापाचं नसतं. हे त्यांनी कंपनीच्या माहितीपत्रकात वाचलं होतं. वाचलेलं सगळं डोक्यात शिरतंच असं नाही.

पहिल्या काही ऑर्डरी सुरळीत गेल्या. मग त्यांनी ताईचं काम हातात घेतलं.

ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच यांना वाढवलं. ती ज्यांचे दोन पाय सारखे नसतात त्यांच्यासाठी बूट बनवायची. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं गेलेली, कुणाचा तळवा जन्मापासून आत वळलेला. तिचे बूट घालून लंगडणारी पोरं शाळेच्या मैदानावर धावली होती. पण ज्या रुग्णालयातून तिच्याकडे माणसं यायची, त्याने आता कारखान्यातले तयार बूट घ्यायला सुरुवात केली होती. कामावरच्या दोघींपैकी एकीला तिने घरी बसवलं होतं, मोठी जागा सोडून दोन महिन्यांत छोट्या जागेत जायचं ठरत होतं, तेही तोवर काम टिकलं तर. अशात एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला हाडांच्या डॉक्टरांच्या परिषदेत दोन दिवसांसाठी एक टेबल मिळवून दिलं. दूरदूरचे डॉक्टर येणार होते. इथून कामं आली नाहीत तर संपलं, हे ताई स्वच्छ बोलली होती.

सहीवाल्यांनी कंबर कसली. पाय कागदावर ठेवून त्याची रेघ कशी ओढायची, माप कसं पाठवायचं, हे चित्रांनिशी सांगणारं पान केलं. ताईच्या नावाची ऑर्डर यंत्रणेत टाकली. कार्डावर फोन नंबर घाल असं ताईच म्हणत होती, त्यांनीच नको म्हटलं. "तुला ऐकू येत नाही, फोन घेऊन करशील काय? सगळं मेलवर येऊ दे." जागाही बदलायची, म्हणून तिचा पत्ताही नाही. कार्डावर ताईचं नाव, कामाची एक ओळ आणि वेबसाइट. अकराशे कार्डं त्यांनी त्याच दिवशी छापली. घरचंच काम, त्याला कसली तपासप्रत आणि कसली सही? आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपला नियम मोडला, आणि तोही प्रेमापोटी.

यंत्रणेला मात्र ताई कोण, भाऊ कोण, काही ठाऊक नव्हतं. तिने ताईला मंजुरीची मेल पाठवली आणि वाट बघत बसली. सहीवाले पान रोज उघडून बघत होते, पण ते स्वतःच्या संगणकावरचं कच्चं पान. ते छान दिसत होतं.

परिषद झाली. सगळी कार्डं संपली. आठवड्याने ताईचा मेसेज आला: "अजून एकही माप आलं नाही. लोकांना वेळ लागत असेल ना?"

सहीवाल्यांनी कार्डावरचा पत्ता टाकून बघितला. पडद्यावर जुगाराचं पान उघडलं. गरगर फिरणारी चाकं, नाचणारे आकडे. त्यांनी पत्ता पुन्हा टाकला, मग बायकोच्या फोनवर टाकला. सगळीकडे तीच चाकं. मग त्यांनी आपली यंत्रणा उघडली. ताईच्या नावासमोर लिहिलं होतं, 'मंजुरीच्या प्रतीक्षेत.'

कंपनीच्या फोनवरची मुलगी शांतपणे बोलत होती. "सर, हे नाव मागच्या शनिवारी नोंदवलं गेलंय. तुमच्याकडून आमच्याकडे काही आलंच नव्हतं." शनिवार म्हणजे परिषदेचा दुसरा दिवस.

"पण नाव माझ्या बहिणीचं आहे. कार्डंही वाटून झालीत."

"जो आधी नोंदवतो त्याचं, सर. कार्ड बघून कुणीतरी टाकून पाहिलं असेल, मोकळं दिसलं, घेतलं. असं होतं."

"त्याला लिहिता येईल?"

"लिहा. उत्तर देतीलच असं नाही."

त्यांनी चार वेळा लिहिलं. उत्तर आलं नाही. टेबलापाशी कोण कोण आलं त्याची यादी ताईने ठेवली नव्हती, कार्डं होती म्हणून. बायकोने ऐकलं आणि मशीन बंद केलं. ती टोमणा मारेल तर बरं, असं त्यांना वाटत होतं, पण तिने नुसती खुर्ची पुढे सरकवली. सहीवाल्यांनी मंजुरीवरची खूण काढून टाकली. बैल गेला नि झोपा केला. मग ते ताईकडे निघाले.

ताईने कातड्याची नवी गुंडाळी आणून ठेवली होती. टेबल पुसून मापांच्या कागदांसाठी रिकामा खोका मांडला होता. घरी बसवलेली बाई परत येऊन मशीनवर बसली होती. सहीवाल्यांनी जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं. ताईला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. शेवटी त्यांना ओरडावं लागलं: "ताई, नाव गेलं. कार्डं फुकट गेली. कुणाचंच माप येणार नाही." दोन्ही मशीनं थांबली.

ताईने विचारलं, "कशाने गेलं?"

"तुला एक मेल आली होती. मंजूर दाबायचं होतं. मी सांगायला हवं होतं."

"आली होती की," ताई म्हणाली. "तपासून बघा, असं होतं तिच्यात. म्हटलं, तू केलंयस, तुझं काम मी कशाला तपासू? मला बरं नाही वाटलं ते."

सहीवाले खाली बसले. कातडं कापायच्या फळीवर कोपर टेकून त्यांनी तोंड झाकलं. त्यांना रडू येत होतं आणि त्या दोन बायांसमोर ते येऊ द्यायचं नव्हतं. ताईने चष्मा लावला, फोन काढला आणि बराच वेळ अंगठ्याने काहीतरी खाली सरकवत राहिली.

"ही बघ, आहे अजून," ती म्हणाली. "दाबते आता."

सहीवाल्यांनी नको म्हणून हात पुढे केला तोवर ताईने दाबलं. मंजूर दाबलं की नाव मिळो न मिळो पडद्यावर येणारी, सहीवाल्यांनीच सगळ्या गिऱ्हाइकांसाठी लिहिलेली ओळ आली, आणि ताईने ती मशीनवरच्या बायांनाही ऐकू जावी म्हणून मोठ्याने वाचली: "आभारी आहोत. हे नाव आता तुमचं."

"झालं बघ," ती भावाला म्हणाली, आणि बायांना म्हणाली, "चला, लागा कामाला."