पुलावरचे घोडे

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे बीएस्सी म्हणायचे. तिथे डिग्री असलेली ती एकटीच होती, आणि ती डिग्री इथे फारशी कामाची नाही हे पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळलं होतं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

बाळंतपणाच्या रजेनंतर आज ती पहिल्यांदा कामावर येत होती. दार ढकललं तर तोच वास, ओल्या प्लास्टरचा आणि तापलेल्या मेणाचा. आणि तेच भांडण.

"पूल कोसळतो ना, तेव्हा माझ्या अंगावर अजून काटा येतो," वस्ताद म्हणत होते. लॅब त्यांची, आणि डॉक्टरांकडून आलेल्या मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढायचं कामही त्यांचंच.

"काटा येणारच. पूल कोसळतोय आणि तुमचा हीरो उभा राहून भाषण ठोकतोय," मावशी म्हणाल्या. त्या साच्यावर मेणाचा दात घडवायच्या आणि हातातली बारीक सुरी न थांबवता बोलायच्या. "पूल कोसळायला लागला की माणूस पळतो, वस्ताद."

"तो इंजिनिअर आहे. पूल त्यानं बांधलाय."

"म्हणूनच कोसळला."

कोपऱ्यात पॉलिशचं यंत्र घुरघुरत होतं. त्यावर वाकलेला पॉलिशवाला मान वर न करता म्हणाला, "खरं सांगू का, जहाजाच्या सिनेमात..."

"तू पॉलिश कर," दोघंही एकदम म्हणाले.

मग तिघांनाही ती दारात दिसली. मावशींनी सुरी ठेवली, जवळ येऊन तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "झोप नाही मिळत का गं बाई?" एवढं विचारलं मात्र, बीएस्सीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते लपवायला तिनं लगेच ॲप्रन चढवला.

भांडण होतं वादळवाल्याचं. म्हणजे त्या दिग्दर्शकाचं, ज्याचा प्रत्येक सिनेमा थिएटरांतून महिनोन्‌महिने हलत नाही आणि ज्याच्या प्रत्येक सिनेमाच्या शेवटी वादळ येतं. गोष्ट वाळवंटात घडत असो की कोर्टाच्या खोलीत, वादळ येणारच. त्याच्या सिनेमांची नावं लॅबमध्ये कोणी घेत नसे. पुलाचा, घोड्यांचा आणि जहाजाचा, एवढं म्हटलं की कळायचं. बाकीचे सिनेमे चर्चेलाही घ्यायचे नाहीत, असं ठरून गेलेलं होतं.

दात कुठल्या रंगाचा करायचा हे ठरवायला लॅबमध्ये नमुन्याच्या दातांची एक पट्टी असते. पांढऱ्यातले पांढरे, पिवळसर, राखाडी असे दात ओळीनं लावलेले. वादळवाल्याचा नवा सिनेमा येणार असला की लॅबमध्ये आधी त्याच्यासाठी असंच एक माप ठरायचं. जुन्यांतला सगळ्यात भारी कुठला, यावर मत घ्यायचं. जो जिंकेल त्याच्याशी नवा लावून बघायचा. मग सिनेमा पाहून आल्यावर कोणीतरी म्हणायचं, "दोन शेड फिका," आणि विषय संपायचा. प्रत्येकाला एक मत, आणि गैरहजर माणसाचं मत दुसऱ्यानं द्यायचं नाही.

नवा सिनेमा येत्या शुक्रवारी येणार होता. मतं पडली होती तीन: वस्तादांचं पुलाला, मावशींचं घोड्यांना, पॉलिशवाल्याचं जहाजाला. चौथं मत बीएस्सीचं.

"तुझ्यासाठी अडलंय सगळं," वस्ताद म्हणाले. "बैस, श्वास घे, आणि दे मत. पुलाला."

"अहो, तिला टेकू तरी द्या," मावशी म्हणाल्या.

ती हसली, पण तिचं लक्ष टेबलावर ठेवलेल्या मोबाइलकडे होतं. दिवस कसा जाणार ते सगळं त्या मोबाइलवर अवलंबून होतं.

तिची लेक ठकी सात महिन्यांची झाली होती आणि आईशिवाय कोणाच्याही हातून दुधाचा थेंब घेत नव्हती. बाटली पाहिली की तोंड फिरवायची. चमचा जवळ आला की ओठ असे घट्ट मिटायची की जणू कोणी शिवूनच टाकलेत. नवऱ्यानं गाणी म्हणून पाहिली, नाचून पाहिलं, शेवटी हात टेकले. काल रात्री जेवताना तिनं त्याला सांगून टाकलं होतं, "उद्या आईंच्या हातून तिनं दूध घेतलं तर ठीक. नाही घेतलं तर मी नोकरी सोडणार. पोराला उपाशी ठेवून मी लोकांचे दात रंगवत बसणार नाही." सासूबाई तिथेच वाटी विसळत उभ्या होत्या.

सकाळी निघताना तिनं सासूबाईंना सूचनांचा पाढा वाचला होता. दूध कोमट हवं, गरम नको. मांडीवर आडवं घेऊन पाजायचं नाही, ठसका लागतो. चमचा भरून नाही, अर्धाच. आणि काहीही झालं तरी टीव्ही लावायचा नाही, मोबाइल दाखवायचा नाही. "बरं बाई," प्रत्येक सूचनेला सासूबाई म्हणाल्या होत्या. ते "बरं बाई" ऐकून तिनं सगळ्या सूचना पुन्हा पहिल्यापासून सांगितल्या होत्या.

आता तिच्या पुढ्यात साच्यावर बसवलेला एक पुढचा दात होता. काचेच्या पट्टीवर तिनं चिनी मातीची पांढरी पूड पाण्यासारख्या द्रवात कालवली, बारीक ब्रश ओला केला आणि पहिला थर चढवायला घेतला. हे काम तिला डोळे मिटून जमायचं. मुळाशी किंचित पिवळट, टोकाला जवळजवळ पारदर्शक, मधे थर असे मिसळायचे की जोड कुठे आहे ते कळू नये. आज ओला थर घसरून कडेला आला. तिनं पुसला. परत चढवला. परत घसरला.

वस्तादांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मोठ्यानं म्हणाले, "बरं का बीएस्सी, तुझ्या जागेवर एक मुलगी आली होती. हात चांगला होता तिचा. तिलाही मत द्यायचं होतं."

"मग?"

"मग काय. खुर्ची दिली, ब्रश दिला. मत नाही दिलं."

"बिचारी रुसली," मावशी म्हणाल्या. "आणि गंमत ऐक. ती पुलाच्या बाजूची होती. यांच्याच. तिचं मत धरलं असतं तर हे तेव्हाच जिंकले असते आणि माझं डोकं खाणं थांबलं असतं."

"मत खुर्चीचं नसतं," वस्ताद प्लास्टरच्या वाटीकडे बघत म्हणाले. "माणसाचं असतं. माणूस रजेवर होता."

बीएस्सीनं ब्रश खाली ठेवला. इतके महिने ही माणसं एवढ्याशा गोष्टीसाठी अडून बसली होती, आणि ती इथे आली होती ती संध्याकाळी निरोप कसा घ्यायचा याची वाक्यं मनात जुळवत. तिला स्वतःचीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून लेकीचे मिटलेले ओठ डोळ्यांपुढून हलेनात.

दुधाची वेळ झाली होती. तिनं फोन लावला. वाजत राहिला. कोणी उचलेना.

आता तिच्या डोक्यात जे सुरू झालं ते एखाद्या सिनेमावाल्यालाही सुचलं नसतं. ठसका लागला असेल. सासूबाई घाबरून शेजाऱ्यांकडे धावल्या असतील. दार ओढलं गेलं असेल आणि ठकी आत एकटी असेल. नाहीतर रडून रडून निळी पडली असेल आणि त्या रडण्यात फोन ऐकूच आला नसेल.

"उचलतील," मावशी म्हणाल्या. "हात खरकटे असतील."

तिनं परत लावला. बराच वेळ वाजून एकदाचा तो उचलला गेला. धप्पकन काहीतरी आपटलं आणि लांबून सासूबाईंचा आवाज आला. "स्पीकरवर ठेवलाय गं. मधे बोलू नकोस, आत्ता कुठे लय लागलीय."

तिच्या हाताला पूड लागलेली, म्हणून तिनंही कोपरानं मोबाइल सरकवून स्पीकर लावला. पॉलिशवाल्यानं यंत्र बंद केलं.

पलीकडून चमचा वाटीवर वाजत होता. टप टप, टप टप.

"...तर ठकूबाई, धुकंच धुकं. कोणाला काही दिसेना. मग आंधळा घोडा पुढे झाला. त्याला कुठे धुक्याची भीती, त्याला धुकं काय नि उजेड काय. टप टप, टप टप. त्याच्या मागे सगळे घोडे. टप टप, टप टप. आणि मग आला..." चमचा थांबला. "आला पूल. केवढा पूल? आऽऽऽ एवढा."

मग एक छोटासा, ओला, गटकन आवाज आला.

बीएस्सीला तो आवाज ओळखायला क्षणही लागला नाही. जगातला दुसरा कुठलाही आवाज तिनं इतका कान देऊन कधी ऐकला नव्हता.

"एक घोडा गेला पलीकडे," सासूबाई म्हणाल्या. "आता दुसरा. टप टप..."

वस्तादांच्या कपाळावर केव्हाचीच आठी पडली होती. त्यांनी स्वतःला आवरून पाहिलं, पण जमलं नाही. ते मोबाइलवर वाकले. "ताई, माफ करा हं. पुलावर घोडे नव्हते. तो सिनेमा वेगळा."

"कोण बोलतंय?"

"लॅबमधून. मी वस्ताद."

"अच्छा. मग वस्ताद, घोडे जाणार नव्हते तर एवढा पूल बांधला कशाला?"

मावशींनी तोंडाला पदर लावला.

"आणि ताई," आता मावशींनाही राहवेना, "तो आंधळा घोडा कळपाच्या मधे असतो. पुढे नसतो."

"तुमच्यात असेल मधे. माझ्या घरात पुढे असतो. तो मधे गेला की ही तोंड मिटते." टप टप. "आऽऽऽ. गेला."

गटकन.

बीएस्सीला आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी हे दोन्ही सिनेमे एकाच दुपारी टीव्हीवर पाहिले होते, आणि मधे त्यांना गाढ डुलकी लागली होती. उठल्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "बाई, केवढा लांब सिनेमा." तेव्हापासून त्यांच्या डोक्यात तो एकच होता. आज टीव्ही लावायचा नाही अशी सुनेची सक्त ताकीद, म्हणून त्यांनी तो तोंडानंच लावला होता.

"आई," ती म्हणाली, "हसवू नका हं तिला. ठसका लागेल."

"अगं, हसतेय कुठे ती? डोळे एवढे मोठे करून बसलीय. तुझ्या नवऱ्याला मी आगगाड्यांचे अपघात सांगून सांगून भरवलंय. त्याचं काय बिघडलं?"

"किती घेतलं?"

"अर्धी वाटी झाली. अर्धी राहिलीय."

पॉलिशवाला पुढे सरकला. हळूच, जरा भीतभीतच त्यानं विचारलं, "काकू, पुढे जहाज येतं का हो?"

"येईल की," सासूबाई म्हणाल्या. "अर्धी वाटी आहे अजून. पुलाखालून घेते जहाज. ठेवा आता फोन, दूध गार होतंय."

फोन बंद झाला. पॉलिशवाला इतक्या समाधानानं आपल्या यंत्राकडे परतला की त्याच्याकडे बघून मावशींना हसू फुटलं. मग वस्तादांना. बीएस्सी हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. नाक पुसायला गेली आणि नाकावर दाताची पूड लागली.

"हसा," वस्ताद म्हणाले. "पूल बांधायचा एकानं आणि वरून जायचं घोड्यांनी."

"पण कोसळला नाही ना? माझे सगळे घोडे पलीकडे पोचले," मावशी म्हणाल्या.

"भाषण कोणी केलं नाही ना मधे," पॉलिशवाला यंत्राच्या घुरघुरीवरून ओरडला. आज पहिल्यांदाच त्याला कोणी पॉलिश कर म्हणालं नाही.

बीएस्सीनं ब्रश धुतला, पूड नव्यानं कालवली आणि थर चढवायला घेतला. या वेळी तो बसला. कागदानं अलगद पाणी टिपलं, दुसरा थर घेतला, टोकाकडे पातळ करत नेला. दात आडवा धरून उजेडात पाहिला. जोड दिसत नव्हता. मग तिनं तो भट्टीत भाजायला ठेवला.

"चला," वस्तादांनी हात झटकले. "आता काहीही सबब नको. भट्टी तापेपर्यंत मत हवंय. पूल, घोडे की जहाज?"

तिघंही तिच्याकडे बघत होते. तिनं भट्टीच्या काचेतून आतल्या लाल उजेडाकडे पाहिलं. उत्तर तयार होतं, कधीपासूनच. कॉलेजात असताना मैत्रिणींशी ती याच सिनेमांवरून तावातावानं भांडलेली होती. पण ते उत्तर आजच सांगून टाकायचं तिच्या जिवावर आलं.

"उद्या देते," ती म्हणाली.

म्हणाली आणि मग स्वतःचंच वाक्य तिच्या कानांवर पडलं.

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. काल रात्रीचं नोकरी सोडायचं बोलणं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. पण सकाळी तिचा चेहरा हातांत धरला होता तो त्यांनीच. "उद्या म्हणजे उद्याच हं," त्या म्हणाल्या. "परवा नाही."

"शुक्रवारच्या आत," वस्ताद म्हणाले. मग उठून त्यांनी आपल्या टेबलावरचा एक ट्रे उचलला आणि तिच्या टेबलावर आणून ठेवला. आत दोन साचे होते, प्लास्टर अजून ओलसर. "हे उद्याचं काम. पुढचे दोन दात. शेड तूच बघ, माझा आता डोळा चालत नाही."

"आणि जहाजाला मत दिलंस तरी चालेल बरं का," पॉलिशवाला म्हणाला.

"तू पॉलिश कर," तिघं म्हणाले. त्यात एक आवाज तिचा होता.