अजून न उगवलेल्या तारखांची पानं

उरासे गावच्या कचेरीची वेबसाइट एकोणीस वर्षं एकट्या तोकुनागांनी सांभाळली. फेब्रुवारीत ते अचानक वारले, आणि जुनी सिस्टीम काढून नवी निवडायचं काम काझुए इनादाच्या गळ्यात पडलं.

तीन कंपन्यांनी अख्खी वेबसाइट आपापल्या सिस्टीममध्ये उतरवून चाचणीला दिली. काझुएनं गुणांचा तक्ता केला. नवख्याला जमते का, अंधांना वाचून दाखवते का, वादळाच्या दिवशी सगळा गाव एकदम आला तर तग धरते का. पहिली सिस्टीम सरस ठरली. फक्त पानं मोजताना गाडी अडली. पहिल्या दोघींत एकशे दहा पानं कमी भरत होती, तिसरीत सगळी होती.

तिनं पहिल्या कंपनीला फोन लावला. "इनादाबाई, पुढची तारीख टाकलेली पानं आम्ही उचलत नाही," तिथला माणूस म्हणाला. "कच्चे मसुदेच असतात हो ते."

काझुएनं तिसरीत जाऊन त्यातलं एक उघडलं.

"तोरु नाकाबो आज अडतीस वर्षांचा झाला. होडीला त्यानं निळा रंग दिलाय."

तोरु तिच्या वर्गात होता. कुरोए वाडीवर डोंगर कोसळला तेव्हा नऊ वर्षांचा. त्या रात्री काझुए मावशीकडे होती, म्हणून वाचली. अकरा माणसं गेली होती. पानंही अकराजणांचीच, प्रत्येकाच्या वाढदिवसाला सकाळी दिसणारी, संध्याकाळी नाहीशी होणारी. पुढच्या दहा वर्षांची लिहून ठेवलेली. मग तिनं बहिणीचं पान शोधलं.

"मिचियो इनादा आज एक्केचाळीस वर्षांची झाली. धाकटी बहीण फोन करील. नाही केला तरी मिचियो रागावणार नाही."

खोलीत कोणीतरी मागे उभं आहे असं वाटून ती वळली. कोणी नव्हतं.

घरी गेल्यावर तिनं आईला सरळच विचारलं, "तू वाचतेस ती पानं?"

आई माशाचे काटे काढत होती. "दर वर्षी. त्या रात्री वाडीला सावध करायचा फोन तोकुनागांनी उशिरा केला ना. ही वेबसाइट हातात आली तेव्हा प्रत्येकाच्या दारात येऊन विचारून गेले बिचारे, लिहू का म्हणून."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"तू कचेरीतली. नियम दाखवून बंद केलं असतंस."

आई म्हणाली ते खरं होतं.

विभागप्रमुख कुसाकाबेंनी तक्ता वर-खाली पाहिला. "पहिलीला जास्त गुण, आणि तुम्ही सुचवताय तिसरी? कारण तरी द्या, बाई."

"ती पुढच्या तारखांची पानं टिकवते."

"कसली पानं एवढी?"

तिनं मिचियोचं पान समोर धरलं. कुसाकाबेंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग कागदावर शिक्का उमटवला.

नवी सिस्टीम सुरू झाली. प्रत्येक पानाला जिवंत खात्याचा लेखक लागत होता. तोकुनागांचं खातं तर बंद झालं होतं. काझुएनं एकशे दहा वेळा स्वतःचं नाव टाकलं. बाहेर ऊन होतं, खाली कोणीतरी जन्मदाखल्यासाठी रांगेत भांडत होतं, आणि तिला मात्र अकराजण खांद्यावरून वाचताहेत असं वाटत राहिलं.

आठवड्याभरानं एका म्हाताऱ्याचा फोन आला. "पानं आता तुम्ही बघता म्हणे. मी हिरोमुचा बाप. कुरोएचा."

"बोला ना, काका."

"तोकुनागांनी त्याला एकटाच ठेवलाय हो. बेचाळिशीला आला. पुढच्या वर्षी त्याचं लग्न लावाल का?"

काझुएनं पान उघडलं. "लावते. मुलगी कशी हवी?"

"तोफूवाल्याच्या घरची बघा," म्हातारा म्हणाला. "त्याला तोफू फार आवडायचा."