पालथं सूप

तुळजा म्हणायची, "तुम्ही मिठालाबी इचाराल, खारट का हाईस म्हणून." मी संशयी माणूस आहे, हे खरं आहे. पण बसगाड्यांच्या बाबतीत माझा संशय उगाच नव्हता, एवढं आधी सांगून ठेवतो.

आमची खानावळ रामनगरात, बेळगाव-गोवा रस्त्याला लागून. पाटीवर नाव माझं, भिकाजीचं, पण चूल तुळजाची. ती गुंदची. जंगलातल्या गावची असल्यामुळे तिला कंदमुळं चांगली कळायची. थंडीत कोनाचा कंद आणून त्याची भाजी करायची, ती खायला लोक गाडी थांबवायचे. बेळगावहून पणजीला जाणारे एका खासगी कंपनीचे निळे व्हिडिओ कोच दुपारी आमच्या दारात लागत. गोव्याहून येणाऱ्या गाड्या घाट चढून तापलेल्या असत, त्या रेडिएटरला आमच्या विहिरीचं पाणी घालत. ड्रायव्हर-क्लीनरला फुकट जेवू घालायचं हा या रस्त्यावरच्या सगळ्या हॉटेलांचा रिवाज. तुळजा त्यांना आत चुलीपुढं पाटावर बसवायची. ते तिला अक्का म्हणत आणि मला दाजी.

ती श्रावणात गेली. बेळगावच्या दवाखान्यात नेलं होतं, परत आणली ती तशीच.

त्यानंतर मी घरातलं काही हलवलं नाही. तिची फणी फळीवर होती तिथंच राहिली. विळी अर्धी पुसलेली होती, तशीच ठेवली. दाराबाहेर खुंटीला तिचं सूप होतं. दवाखान्यात निघालो त्या सकाळी गाडीत बसायच्या आधी तिनं ते स्वतःच्या हातानं टांगलं होतं, तेही तसंच. मुलगी केशर खानापूरहून आली होती, ती आवरायला लागली तर मी तिच्यावर ओरडलो.

सुतक संपल्यावर मी चूल पेटवली. तिच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, भात-आमटी मला येते. पण गाड्या थांबेनात. ट्रकवाले कोणी कोणी यायचे. सरकारी बस स्टँडवर जाते, तिचं तिथं कँटीन आहे. आमचं पोट होतं ते कंपनीच्या निळ्या गाड्यांवर, आणि त्या दारावरून धूळ उडवत जायला लागल्या.

मग कळलं. गावाच्या अलीकडं, लोंढ्याच्या बाजूला, जंगलातल्या वळणावर कंपनीनं स्वतःचा थांबा बांधला होता. चारी बाजूंनी भिंत, लोखंडी गेट. निळी गाडी जेवायला थांबेल ती तिथंच, दुसरीकडं नाही. मला वाटलं, ड्रायव्हर लोकांना पैसे चारले असणार. सगळ्यांत जास्त राग आला तो कान्हूचा. कान्हू या गाड्यांवरचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर. तुळजाच्या बाराव्याला आला, नारळ ठेवला, डोळे पुसले. आणि आता माझ्या घरापुढनं जाताना एकदा बघायचा आणि मान फिरवायचा. चोर असाच वागतो.

केशर म्हणाली, "बाबा, दिवाळीपत्तुर बघा. न्हाई चाललं तर कुलूप घाला आणि खानापूरला या. एकट्यानं हितं काय करणार?"

मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडं गिऱ्हाईक नव्हतं. पण तुळजानं वारुळाची माती आणून ती चूल स्वतः घातली होती. खानापूरला मी माझे कपडे नेले असते, भांडी नेली असती. चूल कशी नेणार? मी गेलो की ती थंड होणार, एवढंच मला कळत होतं.

दसऱ्याला केशरकडं गेलो होतो. परत येताना मुद्दाम निळ्या गाडीचं तिकीट काढलं. कान्हूचीच गाडी होती. डोक्यावरून टॉवेल घेतला आणि शेवटच्या सीटवर बसलो. म्हटलं, चोरी डोळ्यांनी बघू.

गाडी गेटातून आत गेली आणि मागं वॉचमननं गेट लावून घेतलं. एकजण सिगरेट घ्यायला बाहेर निघाला, तर वॉचमन म्हणाला, "आतच मिळतंय सगळं." बाहेर तरी काय होतं, नुसतं रान. आत एक जेवणाची शेड, एक थंड पेयांचं दुकान, काजू आणि मधाचं एक दुकान, सगळी कंपनीचीच. भिंतीवर डोंगर, नदी आणि मोर रंगवला होता. भिंतीपलीकडं खरा डोंगर होता, तो दिसत नव्हता.

मी शेजारच्या बाईंना म्हटलं, "पुढं रामनगर हाय की. तिथं थांबायचं सोडून हे काय जेलात घातल्यागत?"

बाई बेळगावच्या असाव्यात. त्या म्हणाल्या, "अहो, इथं बायकांना संडास तरी आहे. तुमच्या रामनगरात आम्ही कुठं जायचं? झुडपात?"

तुळजानं किती वेळा सांगितलं होतं, मागं आडोसा घाला म्हणून.

जेवण घेतलं. तुळजाच्या हातचं काही चोरलं असेल असा माझा संशय होता, म्हणून प्रत्येक वाटी चाखून बघितली. चोरलं नव्हतं. चोरलं असतं तर बरं वाटलं असतं.

शेडच्या कडेला गवताची एक झोपडी केली होती. तिच्या दारात एक बाई नऊवारी नेसून पाखडत बसली होती आणि लोक तिचा फोटो काढत होते. जवळ जाऊन बघतो तर फुला, तुळजाची चुलत बहीण, गुंदची.

"अगं फुला, तू?"

"हळू बोला दाजी, मला प्याशिंजराशी बोलायची मनाई हाय."

"काय करतीस हितं?"

"दिसत न्हाई? पाखडते."

"सुपात तर दाणा न्हाई."

"कोंडा हाय की. सकाळी मोजून देतात, सांजचं परत घेतात." ती तोंडाला पदर लावून हसली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "अक्काचं सूप काढलं का तुमी दारातनं?"

"कशाला काढू?"

कोणीतरी कॅमेरा घेऊन आलं आणि ती परत पाखडायला लागली.

ड्रायव्हर लोक मागच्या खोलीत जेवत होते. मी सरळ कान्हूच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. "किती देतात रं तुला?"

कान्हूनं वर बघितलं. "दाजी? आधी ते टावेल काढा, गोसाव्यागत दिसताय."

"किती देतात ते सांग."

"जेवाण देतात. तुमच्याकडं पण तेच मिळत होतं की."

"मग माझ्या दारातनं मान फिरवून का जातोस?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "सूप पालथं असल्यावर काय करू दाजी? गाडी थांबवून अक्काची रीत मोडू?"

तेव्हा मला सगळं आठवलं. आठवलं म्हणजे, मी ते विसरलो होतो असंही नाही. तुळजा तरुण होती तेव्हा महिन्यातले चार दिवस बाहेर बसायची. त्या दिवसांत चूल पेटत नसे. आता बाईमाणसानं हे ड्रायव्हरांना सांगायचं कसं? म्हणून तिनं एक रीत पाडली. त्या दिवसांत सूप दाराबाहेर खुंटीला पालथं टांगायचं. ड्रायव्हरनं लांबून बघायचं आणि पुढं जायचं. का म्हणून विचारायचं नाही. विचारणं म्हणजे लाज. पुढं वय झालं, ते दिवस थांबले, तरी ती माहेरी निघाली किंवा जत्रेला गेली की सूप टांगून जायची. दवाखान्यात निघतानाही तिनं तेच केलं होतं. आलेल्या माणसाला उपाशी परत जावं लागू नये, म्हणून. आणि मी ते रोज बघत होतो. मला तिथं तिचा हात दिसायचा, निरोप दिसत नव्हता.

"तू इचारायचं तरी होतंस," मी म्हटलं.

"इचारायचं न्हाई हाच तर नेम हुता. वाटलं, अक्का गेली, दाजींनी चूल बंद केली. तुमच्या दाराकडं बघवायचं न्हाई, म्हणून मान फिरवायचो."

"धूर दिसत नव्हता?"

"धूर सगळ्यांच्याच घरातनं येतो."

माझा विश्वास बसेना. त्यानं मला पुढं केबिनमध्ये बसवलं. "माझ्या उंचीवरनं बघा एकदा." गाडी गेटाबाहेर पडली आणि थोड्या वेळानं रामनगर आलं. केबिनमधून बघितलं तर आमचं दार चिंचेच्या आड जात होतं. पाटीवरची अक्षरं कधीच उडालेली. उन्हात स्वच्छ दिसत होतं ते एकच, भिंतीवरचं पालथं सूप.

मी म्हटलं, "आता काढलं तर थांबशील?"

कान्हूनं गाडी कडेला घेतली. मागून एकजण ओरडला, "ओ मास्तर, इथं कशाला?" कान्हू मला म्हणाला, "तवाचं येगळं, दाजी. तवा थांबा आमच्या मर्जीचा हुता. आता तिथं थांबल्याचा गेटावर शिक्का घ्यावा लागतो. मालक म्हणतो, गाडी माझी, प्याशिंजर माझा, मग त्याची भूक दुसऱ्याला का इकू?"

"आणि रस्ता कुणाचा?"

"ते त्याला इचारा," कान्हू म्हणाला. "तुमी इचाराल."

त्या दिवशी सूप काढलं. खुंटीवरून उतरवताना भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा डाग निघाला, बाकी भिंतीवर दोन महिन्यांची धूळ बसली होती. सूप झटकलं आणि आत तांदळाच्या डब्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यातच तांदूळ पाखडायला घेतले, निम्मे खाली सांडले.

पण माझा संशय सूप काढल्यानंही गेला नाही. सुपामुळे गाड्या गेल्या, हे कबूल. पण ती भिंत काय माझ्या सुपानं बांधली नाही. एवढी भिंत चार दिवसांत होत नाही, तुळजा जिवंत असतानाच तिचा पाया खोदून झाला असणार. सूप सरळ असतं तरी एक दिवस गेट लागलंच असतं. या रस्त्यावर आधी गाडी कुठंही थांबायची. कोणी आमच्याकडं जेवायचं, कोणी पुढं चहा घ्यायचं, कोणी स्टँडवर केळी घ्यायचं. प्रवाशाला जेवण आवडलं नाही तर तो पुढच्या वेळी म्हणायचा, तिकडं नको, दुसरीकडं थांबवा. त्या भयानं आम्हीही मीठ नीट घालायचो. आता तो कोणाला सांगणार? भिंतीला?

तरी त्या बेळगावच्या बाईंचं बोलणं डोक्यातून जाईना. बांबूच्या तट्ट्या आणल्या आणि मागं परसात आडोसा घातला. खड्डा खणला, फरशी बसवली, दाराला आतून कडी केली, बाहेर पाण्याचं पिंप ठेवलं. शेजारी म्हणाले, "भिकाजी, गिऱ्हाईक न्हाई आणि संडास कुणासाठी?" मी पिंप भरत राहिलो.

निळ्या गाड्या जातच राहिल्या. फरक एवढाच की कान्हू आता मान फिरवत नव्हता. हॉर्न वाजवायचा. बाकीचेही वाजवायला लागले. हॉर्नानं पोट भरत नाही.

दिवाळीच्या तोंडावर केशर आली. पिशवीत कुलूप होतं, तिनं लपवलं नाही, काढून फळीवर ठेवलं, फणीच्या शेजारी. "बाबा, माझं ऐका आता," म्हणाली. मी भांडी उपडी घालायला लागलो. चुलीत लाकूड होतं, ते ओढून काढावं की जळून जाऊ द्यावं, ते ठरत नव्हतं.

तेवढ्यात दारात गाडी लागल्याचा आवाज आला. गोव्याहून येणारी निळी गाडी. कान्हू खाली उडी मारून ओरडत होता, "इंजान तापलंय! घाटानं लई दमवलं आज. गाडी थंड झाल्याबिगर हलत न्हाई, उतरा सगळे! कुणाला जेवायचं असंल तर जेवून घ्या!"

"अहो, पुढं थांबा आहे ना कंपनीचा?" एक चष्मेवाला म्हणाला.

"तिथवर जाईस्तोवर इंजान फुटलं तर ढकलत न्या तुमी."

लोक उतरले. एका बाईनं इकडं तिकडं बघितलं आणि केशरच्या कानाला लागली. केशरनं माझ्याकडं बघितलं, मी मागच्या तट्ट्यांकडं बोट केलं. मग ती पदर खोचून चुलीकडं पळाली. मी उपडी घातलेली भांडी परत उताणी केली.

बादली भरून गाडीपुढं गेलो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण काढायला गोणपाट लागतं, नाही तर हात भाजतो. इतकी वर्षं या विहिरीचं पाणी गाड्यांना घालतोय, मला ते माहीत आहे. कान्हूनं झाकण उघड्या हातानं काढलं. मी वाकून बघितलं. पाणी गळ्यापर्यंत भरलेलं होतं.

मी कान्हूकडं बघितलं. त्यानं रस्त्याकडं बघितलं.

"मालकाला कळलं तर?" हे माझ्या ओठावर आलं होतं.

"घाला की पाणी, दाजी," तो म्हणाला. "अक्का असती तर एव्हाना दोन बादल्या झाल्या असत्या."

आतून केशर हाक मारत होती, पाट कुठं ठेवलेत म्हणून. मी काही न विचारता बादली ओतली. सगळं पाणी रेडिएटरच्या तोंडातून उतू आलं, चाकाखालून रस्त्यावर गेलं आणि उताराला लागलं.