तीसपैकी नववी

मी बोलतेय. खणातून बोलतेय, म्हणून आवाज दबका येईल. राग मात्र दबका नाही, तो नीट ऐका.

मी एक प्रिंट आहे. हातानं छापलेलं चित्र. काळ्या रंगाचा एक दांडगा फटकारा, त्याच्या खालून डोकावणारा लाल, आणि उजव्या अंगाला ओघळत गेलेला राखाडी. बस, एवढंच. माझ्यात झाड शोधू नका, घोडा शोधू नका, रडणारी बाई तर मुळीच शोधू नका. मला काढणाऱ्या चित्रकाराचं त्या दिवशी कुणाशी तरी कडाक्याचं भांडण झालं होतं. तो राग त्यानं कागदावर ओतला आणि मोकळा झाला. मी तो राग आहे. तेव्हा माझ्याकडे कारण नव्हतं, आता भरपूर आहेत.

मला छापलं एका मिस्त्रीनं. लाकडी चौकटीवर बारीक कापड ताणायचं, चित्राचा भाग सोडून बाकीची छिद्रं बुजवायची, त्यावर रंग घ्यायचा आणि रबराची पट्टी दोन्ही हातांनी दाबून अंगाकडे ओढायची. एका चौकटीतून एकच रंग उतरतो. लाल वाळला की राखाडी, राखाडी वाळला की काळा. मिस्त्री ओढायचा, त्याची बायको ओला कागद दोन बोटांत धरून तारेवर चिमट्यानं अडकवायची. धुणं वाळत घालावं तशा आम्ही तीस जणी रांगेनं लटकत होतो.

"हळू धर गं, रंग ओला आहे."

"मला नका शिकवू. आधी तुमचा अंगठा बघा, कागदाच्या पाठीवर उमटलाय तो!"

तीस झाल्या आणि चौकटींवरचं चित्र धुऊन टाकलं. एकतिसावी निघणार नाही, हा या धंद्यातला शब्द. मग चित्रकार टेकला आणि एकेकीच्या खालच्या कडेला सही करून शिसपेन्सिलीनं नंबर घालत गेला. शिसपेन्सिलच वापरायची, अशी रीत. ढीग जसा पडला होता तसे नंबर पडले. सगळ्यांत शेवटी छापलेली वर होती, ती झाली एक नंबर. मी नऊ. म्हणजे या नंबराला काडीचा अर्थ नाही, हे आमच्या जन्मापासून आम्हाला ठाऊक आहे.

अंगठा उमटलेली होती नेमकी एक नंबरची. "ही विकायला नको," म्हणत चित्रकारानं ती मिस्त्रीच्या बायकोला देऊन टाकली.

आणि मला नेलं बाळ्यानं.

बाळ्या म्हणजे मिस्त्रीच्या बायकोचा धाकटा भाऊ. बाहेर त्याला साहेब म्हणतात, संग्राहक म्हणतात. त्याची ताई त्याला बाळ्या म्हणते, म्हणून मीही बाळ्याच म्हणणार. सुरुवातीला हौस होती. हौसेचा नाद झाला आणि नादाची खरूज कधी झाली ते त्याचं त्यालाही कळलं नाही. लोखंडी कपाटं आली, रुंद उथळ खण आले, काळे पडदे आले. आमच्यासारख्या, कशासारख्याही न दिसणाऱ्या, मोजक्याच छापलेल्या प्रिंटा त्यानं खण भरभरून आणल्या. भिंतीवर एक लावली असेल तर शपथ! ऊन लागतं म्हणे. अहो, तुम्हालाही लागतं, तुम्ही राहता का खणात?

पाहुणे येतात. खण ओढला जातो. आधी सगळे खाली वाकून नंबर बघतात, मग सही, आणि वेळ उरला तर चित्र. "काय ताकद आहे!" असं म्हणून घड्याळाकडे बघतात.

एवढ्यावर थांबला असता तरी मी त्याला माफ केलं असतं. पण एके दिवशी त्यानं माझी जुळी बहीण घरी आणली.

मला वाटलं, सोबत आली. त्यानं आम्हा दोघींना टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं आणि पांढरे हातमोजे चढवून, भिंग घेऊन बसला. हिचा कोपरा बघ, तिचा काळा बघ. मग मला उचलून खणात ठेवलं आणि तिला मोरीत नेलं. बादलीत पाणी भरल्याचा आवाज आला. आमचा कागद जाड, चांगल्या जातीचा. पटकन विरघळत नाही. आधी फुगतो, मग रंगाचे पापुद्रे सुटतात. सकाळी त्यानं लगदा पिळला आणि केराच्या डब्यात टाकला.

का? तर तेवढी एक कमी झाली. कमी झाल्या की उरलेलीचा मान वाढतो.

त्यानंतर जी जी सापडली ती ती तो घेऊन आला. दर वेळी आम्हाला शेजारी ठेवायचा, दर वेळी भिंग. येणारीचा कागद माझ्यापेक्षा उजळ असता तर बादलीत मीच गेले असते. ज्या माणसाच्या हातात बहिणींची मान आहे, त्याच्या हातमोज्यांचं कौतुक मला सांगू नका.

शेवटी उरलो दोघी. मी, आणि ताईकडची एक नंबर.

मिस्त्री तोवर वारला होता. ताई एका खोलीत शिवणकाम करून राहायची. खोली वडिलांची, पण नावावर बाळ्याच्या. "माझ्यामुळे डोक्यावर छप्पर आहे," हे तो येता-जाता ऐकवायचा. एक नंबर तिनं मशीनच्या वर, खिडकीसमोर टांगली होती. रोजचं ऊन खाऊन तिचा लाल विटकरी झाला होता. तरी तिच्याकडे रोज कुणीतरी बघत होतं. माझ्या नशिबी तेही नव्हतं.

एका दुपारी बाळ्या मला पुठ्ठ्यांमध्ये घालून तिथं घेऊन गेला.

"बस," ताई म्हणाली. "चहा टाकते."

"चहा नको. सांडतो." त्यानं मला कापायच्या टेबलावर ठेवलं. "ताई, अदलाबदल करू. ही माझी नऊ नंबरची, कोरी करकरीत. तू ठेव. ती भिंतीवरची मला दे. खोली उद्याच्या उद्या तुझ्या नावावर करतो."

मशीन थांबली. ताई उठून माझ्यावर वाकली, मग तिनं भिंतीकडे बघितलं.

"दोन्ही सारख्याच की रे. उलट तुझीच टवटवीत आहे. माझीच्या पाठीला यांचा अंगठा आहे, तेवढाच फरक." तिनं वर छपराकडे बघितलं. "अंगठ्याखाली काही पावसात झोपता येत नाही. ने बाबा."

तिनं एक नंबर खिळ्यावरून उतरवली आणि माझ्या शेजारी ठेवली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! खिडकी, मशीनची खडखड, माणसाची नजर! काच पुसता पुसता ताईनं सहज विचारलं, "बाकीच्या कुणाकुणाकडे लागल्यात रे? कुणी सांभाळल्यात का?"

"काही वाळवीनं खाल्ल्या. उरल्या त्या मी गोळा केल्या."

"मग एक दिवस दाखव की सगळ्या ओळीनं. आमच्या तारेवर होत्या तशा."

"आहेत कुठं दाखवायला? बुडवल्या."

"कशात?"

"बादलीत. ताई, तुला यातलं कळायचं नाही. जितक्या कमी, तितकी किंमत."

ताईनं फडकं बाजूला ठेवलं.

"यांचे खांदे निखळले होते त्या ओढताना," ती म्हणाली. "आणि तू बादलीत घातल्यास?"

"कागद गं तो शेवटी."

"मग माझा कागद कशाला हवाय तुला?"

"एक नंबर आहे तो!"

"हां. नंबर." तिनं चष्मा लावला. चौकटीच्या मागचे खिळे वाकवले, एक नंबरला बाहेर काढलं आणि मशीनच्या खणातून खोडरबर घेतला. कापडाचे आराखडे पेन्सिलीनं काढते ना ती, खोडरबर हाताशीच असतो.

बाळ्याला कळेपर्यंत खालच्या कडेला दोन-चारदा घासून काम झालं होतं.

शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा तो ओरडला. ताईनं खोडलेला चुरा फुंकरीनं उडवला.

"गेला. आता ही कितवीच नाही. ठेवायच्याही कामाची नाही तुझ्या आणि बुडवायच्याही. आण ती नऊ इकडे."

आण म्हणे! मी तर तयारच होते. रबराचं टोक माझ्या कडेला टेकलंसुद्धा होतं. तेवढ्यात बाळ्यानं मला हिसकावलं, हातमोजे न घालता, मुठीत धरून. माझा कोपरा दुमडला आणि काळ्या फटकाऱ्यावरून आडवी घडी पडली. भिंग घेऊन बहिणींच्या अंगावर खोड शोधणाऱ्यानं मला स्वतःच्या हातानं खोड लावली.

"खोली खाली कर!" मला पुठ्ठ्यांत कोंबत तो म्हणाला. "महिन्याच्या आत!"

"महिना कशाला? मशीन उचलायला माणसं मिळाली की निघाले. भिंत तुझी. खिळा माझा." आणि तिनं पक्कड घेऊन त्याच्या देखत खिळा उपटला.

ताई खरंच गेली. एका मैत्रिणीच्या दुकानामागं राहते, असं बाळ्या फोनवर कुणाला तरी तणतणत सांगत होता. एक नंबर तिच्याबरोबर आहे. तिला आता मी नंबरानं हाक मारत नाही.

आणि मी? कपाटं आता ताईच्याच खोलीत आणलीत. खिडकीला काळा पडदा लागलाय. खण उघडला की समोर भिंत दिसते, तिच्यावर चित्राएवढा उजळ चौकोन आहे आणि वर एक भोक. बाळ्या माझी घडी काळ्या पुठ्ठ्याखाली लपवतो आणि पाहुण्यांना सांगतो, "तिसांतली ही एकुलती एक उरली." परवा एकानं विचारलं, "कशावरून?" बाळ्यानं खण लोटून दिला. कशावरून सांगणार? कुठंतरी एक बिननंबरी आहे, आणि ती बिनधास्त ऊन खातेय.

तुम्ही कधी बघायला आलात तर वा-वा करू नका. कीव तर अजिबात नको. मी खालून तिसऱ्या खणात आहे. कुणी चहाचं नाव काढलं आणि बाळ्या नको म्हणायला वळला की खण ओढा. हात स्वच्छ धुतलेले असू द्या, आणि खिशात खोडरबर.